गोलाकार तारकागुच्छांचे छायाचित्रण

गोलाकार तारकागुच्छांचे छायाचित्रण हा हौशी खगोलछायाचित्रणाचा एक प्रकार आहे. घराच्या अंगणातून किंवा गच्चीवरून, साधारणपणे ८० ते ३०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून, आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या अतिप्राचीन व दाट तारकागुच्छांच्या प्रतिमा घेणे असे त्याचे स्वरूप असते. तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्या तुलनेत हे गुच्छ तेजस्वी असतात, शहरी उजेडातूनही बऱ्यापैकी टिपता येतात आणि त्यांचे काम बहुधा एका रात्रीत आटोपते. म्हणून नवशिक्यांना ते सोपे लक्ष्य म्हणून सुचवले जातात. गुच्छाचे चित्र मिळणे खरोखरच सोपे असते. त्याचा गाभा सुट्या ताऱ्यांनी भरलेला, रंगांसह आणि न जळता दिसेल असे चित्र मिळणे मात्र कठीण असते. या प्रकारातील बहुतेक तंत्र याच एका अडचणीभोवती विकसित झाले आहे.

या लेखात उदाहरण म्हणून प्रामुख्याने शौरी तारकासमूहातील मेसिए १३ हा गुच्छ घेतला आहे. त्याची दृश्यप्रत ५.८ असून आकाशातील व्यास सुमारे २० कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन-तृतीयांश इतका आहे. तो पृथ्वीपासून सुमारे २३ ते २५ हजार प्रकाशवर्षे दूर असून त्यात काही लाख तारे आहेत.

पार्श्वभूमी

मेसिए १३ची पहिली नोंद एडमंड हॅली याने १७१४ साली केली. शार्ल मेसिएने १७६४ मध्ये तो पाहिला तेव्हा हा एक तेजोमेघ असून त्यात एकही तारा नाही, असे लिहून ठेवले. मेसिएच्या दुर्बिणी आजच्या गच्चीवरील मध्यम दुर्बिणींहून कमी क्षमतेच्या होत्या, हे लक्षात घेता त्याचा निष्कर्ष समजण्याजोगा आहे. ज्येष्ठा ताऱ्याजवळील मेसिए ४ हा एकच गोलाकार गुच्छ त्याला ताऱ्यांमध्ये सुटा करून पाहता आला. पुढे विल्यम हर्षलने मोठ्या परावर्तक दुर्बिणींनी असे अनेक ‘तेजोमेघ’ ताऱ्यांचे बनलेले असल्याचे दाखवले.

छायाचित्रणामुळे गुच्छातील प्रत्येक ताऱ्याची तेजस्विता मोजणे शक्य झाले. सोलन बेली याने पेरूमधील आरेकिपा येथील हार्वर्डच्या वेधशाळेत १८९०च्या दशकात काचेच्या प्लेटांवर गुच्छांची छायाचित्रे घेतली आणि त्यांत शेकडो रूपविकारी तारे शोधले. हार्लो शॅप्ली याने माउंट विल्सनच्या ६० इंची दुर्बिणीने घेतलेल्या प्लेटांवरून मेसिए १३मधील १,३०० ताऱ्यांचे रंग व तेजस्विता १९१५ साली प्रसिद्ध केली. गुच्छांची अंतरे काढून १९१८ मध्ये त्याने असे दाखवले की, सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापाशी नसून त्यापासून खूप दूर आहे. शॅप्लीच्या प्लेटांवर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम काही टक्के भाग नोंदला जाई. आजचा साधा सीमॉस संवेदक त्यातील निम्म्याहून बराच अधिक भाग नोंदवतो. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी डोंगरावरील मोठ्या दुर्बिणीला जे काम करावे लागे, त्याचा बराच भाग आज २०० मिलिमीटरच्या घरगुती दुर्बिणीच्या आवाक्यात आला आहे.

मूळ अडचण

गोलाकार गुच्छात तारे मध्याकडे झपाट्याने दाट होत जातात. कडेला दोन ताऱ्यांमध्ये काळे आकाश दिसते. गाभ्यात मात्र ताऱ्यांच्या प्रतिमा एकमेकींवर चढतात आणि वेगळे न दिसणाऱ्या हजारो मंद ताऱ्यांचा एकत्रित उजेड त्यांच्यामागे पसरतो. मेसिए १३मधील सर्वांत तेजस्वी तारे सुमारे १२व्या प्रतीचे आहेत. तासाभराच्या एकूण उद्भासनात, म्हणजे संवेदकावर प्रकाश पडू देण्याच्या काळात, उपनगरी आकाशातून साधारण १८व्या प्रतीपर्यंतचे तारे उमटतात. सहा प्रतींचा हा फरक म्हणजे तेजस्वितेत सुमारे २५० पट फरक होय. पडद्यावर किंवा कागदावर हा सगळा पल्ला जसाच्या तसा दाखवता येत नाही. गाभा जपला तर बाहेरचे तारे काळोखात जातात, आणि बाहेरचे तारे उजळले तर गाभ्याचा पांढरा गोळा होतो.

गाभा बिघडण्याची तीन कारणे आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखणे महत्त्वाचे ठरते. पहिले कारण म्हणजे संवेदकाची संपृक्तता. पिक्सेलमध्ये मावतील तेवढे इलेक्ट्रॉन भरले की त्यापुढील प्रकाशाची नोंद होत नाही आणि ताऱ्याचा रंगही जातो. दुसरे कारण म्हणजे ताऱ्यांच्या प्रतिमा फुगणे. वातावरणाची थरथर, चुकलेला फोकस, माउंटचा हलका झोल किंवा आरशांची बिघडलेली जुळणी यांमुळे प्रतिमा फुगते आणि शेजारच्या ताऱ्यात मिसळते. तिसरे कारण संगणकावर घडते. कच्ची प्रतिमा उजळताना गाभा पांढऱ्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला जातो. नवशिक्यांच्या चित्रांतील जळलेल्या गाभ्याचा दोष सहसा उद्भासनाला दिला जातो. कच्च्या प्रतिमेतील आकडे पाहिले असता मात्र अनेकदा असे आढळते की दुर्बिणीपाशी गाभा शाबूत होता आणि तो नंतर जाळला गेला. तिसऱ्या प्रकारची चूक पुन्हा बसून दुरुस्त करता येते. पहिल्या दोन चुकांत हरवलेली माहिती मात्र त्या रात्रीपुरती कायमची गेलेली असते.

चित्रात नेमके कोणते तारे दिसतात

मेसिए १३च्या छायाचित्राखाली ‘लाखो तारे’ असे लिहिण्याची प्रथा आहे. गच्चीवरून घेतलेल्या चित्रात प्रत्यक्षात काही हजारच तारे सुटे दिसतात आणि ते जवळजवळ सर्व वृद्ध तारे असतात. सूर्य त्या गुच्छात नेऊन ठेवला तर तो इथून १९व्या प्रतीचा, म्हणजे अशा बहुतेक चित्रांच्या मर्यादेपलीकडचा, दिसेल. चित्रात नारिंगी दिसतात ते तांबडे राक्षसी तारे. निळसर दिसतात ते क्षैतिज शाखेवरील तारे, म्हणजे गाभ्यातील हायड्रोजन संपवून हेलियम जाळू लागलेले. गुच्छातील बहुसंख्य तारे सूर्याहून लहान व मंद असून चित्रात त्यांचा सहभाग गाभ्यामागील धूसर उजेडापुरता असतो.

रंग जपण्याचा आग्रह यामुळेच महत्त्वाचा आहे. सर्व तारे पांढरे आले तर चित्र सुंदर दिसेल, पण तांबडे राक्षसी तारे आणि क्षैतिज शाखा यांतील भेद, म्हणजे त्या चित्रातील सर्वांत बोलकी माहिती, त्यातून नाहीशी होते.

लक्ष्याची निवड

गुच्छ किती दाट आहेत यावरून शॅप्ली आणि हेलन सॉयर यांनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे १२ वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील गुच्छ अत्यंत दाट, तर बाराव्यातील अगदी विरळ असतात. छायाचित्रकाराला गुच्छाच्या दृश्यप्रतीपेक्षा हा वर्ग अधिक उपयोगी पडतो. मेसिए ४ (वर्ग ९) किंवा मेसिए ५५ (वर्ग ११) लहान अपवर्तक दुर्बिणीतूनही पूर्ण सुटे होतात. मेसिए १३ आणि मेसिए ५ (दोन्ही वर्ग ५) यांना मध्यम दुर्बीण आणि बऱ्यापैकी स्थिर हवा लागते. मेसिए ८० किंवा मेसिए २ (वर्ग २) यांचा गाभा घरगुती साधनांनी पूर्णपणे सुटा करणे जवळपास अशक्य असते. मेसिए ४ आपल्यापासून सुमारे ६,००० प्रकाशवर्षांवर, म्हणजे सर्वांत जवळच्या गुच्छांपैकी एक आहे. त्यात सूर्यासारखे तारे १७व्या-१८व्या प्रतीच्या आसपास असल्याने ते हौशी छायाचित्रांतही उमटू शकतात.

महाराष्ट्राचे अक्षांश या छायाचित्रणाला अनुकूल आहेत. पुण्याहून पाहता मेसिए ३ याम्योत्तरवृत्त ओलांडताना सुमारे ८० अंश, मेसिए ५ सुमारे ७३ अंश आणि मेसिए १३ सुमारे ७२ अंश उंचीवर असतो. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा आकाशगंगेतील सर्वांत मोठा गोलाकार गुच्छ युरोपच्या बहुतांश भागातून दिसतच नाही. पुण्याहून तो सुमारे २४ अंशांपर्यंत वर येतो. एवढ्या कमी उंचीवर प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत जवळजवळ अडीचपट जाडीच्या हवेतून यावे लागते आणि वातावरणातील अपवर्तनामुळे ताऱ्याची निळी व तांबडी प्रतिमा एक-दोन विकलांनी वेगळी पडते. तरीही सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरील हा गुच्छ इतका मोठा व विरळ (वर्ग ८) आहे की दक्षिण क्षितिज मोकळे असल्यास त्याचे चित्र चांगले येते. कारंडव समूहातील ४७ टुकाने हा दुसरा प्रसिद्ध दक्षिणी गुच्छ मात्र महाराष्ट्रातून व्यवहारतः दिसत नाही.

अडचण हंगामाची आहे. मेसिए १३ मध्यरात्री याम्योत्तरवृत्तावर येतो तो जूनच्या सुरुवातीस, नेमका पावसाळ्याच्या तोंडावर. उत्तर गोलार्धातील पुस्तकांत तो ‘उन्हाळी रात्रींचा गुच्छ’ म्हणून वर्णिलेला असतो, पण महाराष्ट्रात त्या रात्री ढगांच्या असतात. येथे तो मार्च ते मे या काळात उत्तररात्री टिपावा लागतो. एप्रिलच्या मध्यात तो पहाटे साडेतीन-पावणेचारच्या सुमारास सर्वांत उंच असतो. त्याच काळात मेसिए ३ आणि ओमेगा सेंटॉरी मध्यरात्रीच्या आगेमागे सोयीच्या जागी येतात. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या संध्याकाळी, महाश्व समूहातील मेसिए १५ आणि कुंभेतील मेसिए २ हे दोन गुच्छ उंचावर असतात आणि पावसाने धुतलेली हवाही तेव्हा बहुधा सर्वांत स्वच्छ असते.

साधने

दुर्बिणीचा व्यास जितका मोठा तितकी तिची विभेदनक्षमता, म्हणजे जवळचे दोन तारे वेगळे दाखवण्याची क्षमता, अधिक. २०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ०.६ विकला आहे. जमिनीवरून मात्र वातावरणाच्या अस्थैर्यामुळे ताऱ्याची प्रतिमा साधारण २ ते ४ विकलांपर्यंत पसरते. या अस्थैर्याच्या मापाला निरीक्षक ‘सीइंग’ म्हणतात. त्यामुळे लांब उद्भासनात २०० मिलिमीटरची आणि ३०० मिलिमीटरची दुर्बीण यांच्या विभेदनातील फरक अपेक्षेपेक्षा कमी पडतो. मोठ्या आरशाचा खरा लाभ अधिक प्रकाश आणि त्यामुळे लहान उद्भासन हा असतो.

१,००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या न्यूटनीय दुर्बिणीवर ३.७६ मायक्रोमीटर पिक्सेलचा कॅमेरा बसवल्यास एका पिक्सेलवर आकाशाचा ०.७८ विकला एवढा भाग येतो. मेसिए १३ या प्रतिमेत सुमारे १,५०० पिक्सेल रुंद येतो. सर्वसाधारण हवेसाठी हे प्रमाण योग्य मानले जाते. सुमारे २,००० मिलिमीटरच्या श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीवर तोच कॅमेरा ०.३८ विकलांचे प्रमाण देतो. त्यात गुच्छ मोठा दिसतो, तपशील मात्र वाढत नाही, कारण वातावरणाने फासलेली प्रतिमाच अधिक पिक्सेलांवर पसरते. उलट ४८० मिलिमीटरच्या लहान अपवर्तक दुर्बिणीत हे प्रमाण १.६ विकला होते आणि गाभ्यातील तारे पिक्सेलांच्या खडबडीतपणातच मिसळतात.

पृथ्वीच्या परिवलनामुळे मेसिए १३ची प्रतिमा स्थिर दुर्बिणीत सेकंदाला सुमारे १२ विकला, म्हणजे वरील पहिल्या जोडणीत १५ पिक्सेल सरकते. म्हणून आकाशाच्या गतीने फिरणारा विषुववृत्तीय माउंट या कामात दुर्बिणीइतकाच महत्त्वाचा असतो. मर्यादित पैशांत दुर्बीण लहान घेऊन माउंट भक्कम घ्यावा, असा अनुभवी छायाचित्रकारांचा जवळपास एकमताचा सल्ला असतो. उन्नतांश-दिगंश पद्धतीचा माउंटही गुच्छाचा माग ठेवतो, परंतु त्यात चित्र हळूहळू स्वतःभोवती फिरते. पुण्याहून मेसिए १३ याम्योत्तरवृत्तावर असताना ही फिरत मिनिटाला पाऊण अंशाहून अधिक असते, आणि १० सेकंदांतच गुच्छाच्या कडेचे तारे लांबट होऊ लागतात.

माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेला आणताना महाराष्ट्रात एक वेगळी अडचण येते. ध्रुवतारा येथे अक्षांशाइतकाच, म्हणजे कोकणापासून विदर्भापर्यंत साधारण १६ ते २१ अंश उंचीवर असतो. गच्चीवरून तो शेजारच्या इमारतीमागे किंवा क्षितिजालगतच्या धुरकट पट्ट्यात सहज लपतो. अशा वेळी याम्योत्तरवृत्ताजवळील ताऱ्याचे सरकणे मोजून अक्ष जुळवण्याची जुनी पद्धत किंवा आकाशाची छायाचित्रे ओळखून जुळणी सांगणारी संगणकप्रणाली वापरावी लागते. शिवाय अनेक माउंटांची रचना मध्यम अक्षांशांसाठी केलेली असल्याने एवढ्या कमी कोनात समतोल-वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. तिपाईचा पाय दांड्याच्या वाटेतून वळवून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत गोलाकार गुच्छ फारसे चोखंदळ नसतात. साधा डीएसएलआर पुरतो. थंड करता येणाऱ्या खगोलीय कॅमेऱ्याचा फायदा उष्ण प्रदेशात अधिक जाणवतो, कारण संवेदकाचे तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने वाढले की त्यातील उष्णताजन्य नॉइजचा प्रवाह दुप्पट होतो. एप्रिलच्या रात्री हवा २५ अंशांवर असताना बहुतेक कॅमेरे उणे ५ अंशांपर्यंत सहज जातात. प्रकाशप्रदूषणावर उपाय म्हणून विकले जाणारे अरुंद पट्ट्यांचे फिल्टर येथे निरुपयोगी, किंबहुना हानिकारक ठरतात. तेजोमेघ ठराविक तरंगलांबींवरच प्रकाशतात, तारे मात्र अखंड वर्णपटात. फिल्टर ताऱ्यांचाच प्रकाश अडवतो आणि रंग बिघडवतो. याच कारणाने चांदण्या रात्री तेजोमेघांचे काम थांबते तेव्हा अनेक जण गुच्छांकडे वळतात.

उद्भासन

फोकस हा या प्रकारातील सर्वांत कठोर परीक्षक आहे. तेजोमेघाच्या चित्रात थोडा चुकलेला फोकस खपून जातो, गुच्छाच्या चित्रात तो गाभाच बुजवतो. पाव्हेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी छायाचित्रकाराने तयार केलेली खाचांची जाळी दुर्बिणीच्या तोंडावर लावली की तेजस्वी ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात. मधली रेघ इतर दोहोंच्या बरोबर मध्ये आली की फोकस जुळला. रात्र थंडावते तशी दुर्बिणीची नळी आकसते, म्हणून तासाभराने हा फोकस पुन्हा तपासावा लागतो. न्यूटनीय दुर्बिणीत आरशांची जुळणी त्याआधी, आणि दुर्बीण बाहेर ठेवून आरसा हवेच्या तापमानाला आल्यावर, करणे इष्ट असते.

एकाच लांब उद्भासनाऐवजी अनेक लहान उद्भासने घेऊन ती संगणकावर एकत्र करणे, म्हणजे स्टॅकिंग, ही आजची प्रचलित रीत आहे. एकत्र केलेल्या प्रतिमांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात नॉइज घटतो. १०० प्रतिमांनी तो दहावा हिस्सा होतो. मेसिए १३साठी वर वर्णिलेल्या जोडणीत ३० ते ६० सेकंदांची १०० ते १५० उद्भासने हा समतोल मानला जातो. त्याहून बरीच लांब, तीन ते पाच मिनिटांची उद्भासने घेतल्यास तेजस्वी राक्षसी तारे संपृक्त होण्याचा धोका वाढतो, आणि एक झुळूक किंवा माउंटचा एक झटका पाच मिनिटांचे काम वाया घालवतो. लहान उद्भासनांतून हवा स्थिर असतानाच्या प्रतिमा निवडता येतात. दीडशेपैकी सर्वांत धारदार शंभरच ठेवल्या तर एकूण प्रकाश कमी होतो, पण गाभा लक्षणीयरीत्या सुटतो. इतर लक्ष्यांसाठी उधळपट्टी वाटेल अशी ही निवड येथे फायद्याची ठरते. काही जण हे तत्त्व टोकाला नेऊन केवळ एक-दोन सेकंदांची हजारो उद्भासने घेतात. मात्र तेवढ्या लहान प्रतिमेत संवेदक वाचतानाचा नॉइज मंद ताऱ्यांना गिळतो, त्यामुळे ही पद्धत तेजस्वी गुच्छांच्या गाभ्यापुरतीच उपयोगी पडते.

उद्भासन योग्य आहे की नाही हे पडद्यावरील चित्र पाहून ठरवू नये. कच्च्या प्रतिमेत गाभ्यातील सर्वांत उजळ पिक्सेलांचे आकडे वाचणे हा खरा निकष आहे. ते कमाल मूल्याच्या बरेच खाली असले पाहिजेत. मेसिए १३च्या दोन्ही बाजूंना सुमारे ७व्या प्रतीचे दोन तारे आहेत. ते गुच्छाचे सदस्य नसून वाटेत पडणारे जवळचे तारे आहेत. काही सेकंदांतच ते संपृक्त होतात आणि त्यांच्यासाठी उद्भासन कमी करण्यात अर्थ नसतो.

याच रात्री झाकण लावून ‘डार्क’ आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागासमोर ‘फ्लॅट’ प्रतिमा घेतल्या जातात. पहिल्यांनी संवेदकाचे तापलेले पिक्सेल, दुसऱ्यांनी धुळीचे डाग व कडेचा काळोख वजा होतो. दवाच्या रात्री आरशाला किंवा भिंगाला हीटरचा पट्टा लागतो.

संगणकीय प्रक्रिया

स्टॅकिंगनंतर मिळणारी प्रतिमा सरळ रेषेच्या प्रमाणात असते, म्हणजे दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. पडद्यावर ती जवळजवळ काळी दिसते आणि तिला उजळावे लागते. गाभा जळण्याचा तिसरा प्रकार इथेच घडतो. साध्या वक्राने सर्व पिक्सेल सारखेच उचलले तर गाभा लगेच पांढऱ्यावर आदळतो. त्याऐवजी मंद भाग अधिक आणि तेजस्वी भाग कमी उचलणारी, तिन्ही रंगांचे परस्परांशी असलेले प्रमाण टिकवणारी गणिती पद्धत वापरणे श्रेयस्कर असते. व्यस्त हायपरबोलिक साइन फलनावर आधारित पद्धत यासाठी प्रचलित असून ती ताऱ्यांचे रंग चांगले जपते. फार दाट गुच्छांसाठी लहान आणि लांब उद्भासनांच्या दोन स्वतंत्र प्रतिमा करून गाभा पहिलीतून, बाहेरचा भाग दुसरीतून घेतात. पार्श्वभूमी अगदी काळी करण्याचा मोहही टाळावा लागतो. गुच्छाची खरी कडा हळूहळू विरत जाते, पार्श्वभूमी काळी केली की ती कात्रीने कापल्यासारखी संपते आणि गुच्छ आहे त्याहून लहान दिसतो.

प्रतिमा धारदार करण्याच्या साधनांबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. वातावरणाने पसरवलेला प्रकाश गणिताने पुन्हा गोळा करण्याची रिचर्डसन-लूसी पद्धत १९७०च्या दशकापासून ज्ञात आहे. ती मर्यादेत वापरली तर उपयोगी, अति वापरली तर प्रत्येक ताऱ्याभोवती काळे कडे आणि नॉइजमधून खोटे तारे निर्माण करणारी ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित नव्या साधनांत हा धोका लपून राहतो, कारण त्यांचे चित्र स्वच्छ दिसते. दाट गाभ्यात दोन मिसळलेल्या ताऱ्यांचा एक, किंवा धूसर उजेडाच्या एका गाठीचे चार तारे झाले, तरी पाहणाऱ्याला ते कळत नाही. हबल दुर्बिणीने मेसिए १३सह अनेक गुच्छांचे गाभे टिपलेले आहेत. त्यांच्याशी आपले चित्र ताडून पाहणे ही यावरील विश्वसनीय कसोटी आहे. तीत न उतरणारे तारे छायाचित्रात ठेवले तर ते चित्र राहते, छायाचित्र राहत नाही.

मेसिए १३च्या बाबतीत आणखी एक कसोटी आहे. गाभ्याच्या आग्नेयेस तीन काळसर पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे एकत्र येतात. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील बर किल्ल्यावरील लॉर्ड रॉस यांच्या दुर्बिणीतून ते प्रथम नोंदले गेले. हे पट्टे ताऱ्यांच्या कमी दाटीमुळे दिसतात. गाभा जाळलेल्या चित्रात ते नाहीसे होतात, म्हणून त्यांचे दिसणे हे उजळणी प्रमाणात असल्याचे लक्षण मानता येते. गुच्छाच्या ईशान्येस अर्ध्या अंशाच्या आत एन.जी.सी. ६२०७ ही दीर्घिका आणि त्या दोहोंच्या मध्ये आय.सी. ४६१७ ही १५व्या प्रतीच्या आसपासची छोटी दीर्घिका आहे. चित्राची खोली तपासायला ही दुसरी दीर्घिका कामी येते.

मापनासाठी उपयोग

काळजीपूर्वक घेतलेली, संपृक्त नसलेली मालिका हे मोजमापाचे साधनही ठरते. मेसिए ३मध्ये दोनशेहून अधिक आरआर लायरी प्रकारचे रूपविकारी तारे आहेत. त्यांची सरासरी प्रत १५.६च्या आसपास असून त्यांपैकी बहुतेकांचे तेज अर्ध्या दिवसाच्या आसपासच्या आवर्तनात कमी-जास्त होते, काहींचे एका प्रतीहूनही अधिक. एप्रिलच्या एकाच रात्री चार-पाच तास घेतलेल्या प्रतिमा क्रमाने चालवून पाहिल्या तर गुच्छातील कित्येक तारे उजळताना आणि मंदावताना स्पष्ट दिसतात. २०० मिलिमीटर दुर्बिणीच्या हे पूर्ण आवाक्यात आहे. त्याचसाठी कच्च्या प्रतिमा एकत्र केल्यावरही टाकून देऊ नयेत. स्टॅकिंगमध्ये वेळेची माहिती पुसली जाते आणि रूपविकारी तारा सरासरी तेजाचा एक सामान्य तारा बनून राहतो. मेसिए १३मध्ये असे तारे मोजकेच आहेत. दोन्ही गुच्छांत जड मूलद्रव्यांचे प्रमाण जवळपास सारखे असूनही त्यांच्या क्षैतिज शाखा इतक्या भिन्न का, हा तारकाविज्ञानात दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे, आणि त्याचे मूळ निरीक्षण, म्हणजे मेसिए १३चा अधिक निळसर कल, दोन्ही गुच्छांची एकाच पद्धतीने केलेली घरगुती चित्रे शेजारी ठेवली तरी लक्षात येऊ शकते.

निळ्या व हिरव्या फिल्टरमधून घेतलेल्या प्रतिमांतून प्रत्येक ताऱ्याचा रंग आणि तेज मोजून आलेखावर मांडले की हर्ट्झस्प्रंग-रसेल आकृतीचा वरचा भाग, म्हणजे राक्षसी ताऱ्यांची फांदी आणि क्षैतिज शाखा, मिळतो. महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी हा सोयीचा विषय आहे. मोजणीसाठी गाभा सोडून मधल्या पट्ट्यातील तारे घेणे योग्य, कारण तेथे ते एकमेकांत मिसळत नाहीत. धारदार केलेली किंवा वक्राने उजळलेली प्रतिमा यासाठी चालत नाही.

लहान साधनांना साजेसे लक्ष्य मेसिए ५मध्ये आहे. त्यातील व्ही ४२ हा रूपविकारी तारा सुमारे २६ दिवसांच्या आवर्तनात अंदाजे १०.५ ते १२ या प्रतींमध्ये बदलतो आणि गुच्छाच्या बाहेरच्या भागात असल्याने सहज सुटा दिसतो. मार्च ते मे या महिन्यांत चार-पाच दिवसांच्या अंतराने घेतलेल्या एक-दोन मिनिटांच्या छायाचित्रांतूनही त्याचे चढउतार मोजता येतात. मेसिए १५मध्ये दडलेला पीझ १ हा ग्रहीय तेजोमेघ त्याहून कठीण आहे. फ्रान्सिस पीझ याने १९२८ मध्ये शोधलेला हा तेजोमेघ ताऱ्यांच्या गर्दीत एखाद्या ताऱ्यासारखाच दिसतो. अरुंद पट्ट्यांच्या फिल्टरचा या संपूर्ण प्रकारातील बहुधा एकमेव सार्थ उपयोग येथेच होतो: आयनित ऑक्सिजनच्या फिल्टरमधून घेतलेल्या प्रतिमेत भोवतालचे तारे मंदावतात आणि पीझ १ जागच्या जागी राहतो.